गाडी दारासमोरच लावा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या सिस्टर, त्यांच्यासाठी हॉस्पिटलमधून मुद्दाम वेळ काढून आलेले त्यांचे सहकारी, ज्यांना माझ्या मराठीतलं एक अक्षर कळणार नाही तरी केव्हाचे हसऱ्या चेहऱ्याने बसलेत, मंडळाचे पदाधिकारी, समोर जमलेल्या भगिनी आणि बंधू, आणि शेवटच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसलेली आपली नातवंडं, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला तीन मिनिटं दिलेली आहेत. परवा अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, "शिवणमावशी, सिस्टरबद्दल चार चांगले शब्द बोला. पण जरा आनंदी बोला हं, निरोपाचा कार्यक्रम आहे." म्हटलं बरं. आता निरोप आणि आनंद एकाच पिशवीत कसे भरायचे ते अध्यक्षांनाच ठाऊक. मी काही वक्ता नाही. माझा उभा जन्म दुसऱ्यांच्या पँटी आखूड करण्यात आणि झिपा बदलण्यात गेला. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या कमरेची मापं मला तोंडपाठ आहेत, तेव्हा मला कोणी घाईला आणू नका.

माझ्यासाठी इथे खुर्ची ठेवलीत, आभारी आहे. पण मी उभ्यानेच बोलणार. आमचा थोरला तिकडून खुणा करतोय, "आई, बस, बस" म्हणून. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, मंडळाची ध्वनिव्यवस्था आमचा थोरलाच बघतो. तो काय कोपऱ्यात, त्या पेटीपाशी, बटणांवर हात ठेवून उभा आहे. गुणी आहे. आईला खाली बसवायची तेवढी त्याला फार घाई असते.

तर सिस्टर. सिस्टर काय काम करतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे आणि आपल्यापैकी कोणी ते तोंडाने म्हणत नाही. मघापासून तीन भाषणं झाली. कोणी म्हणालं "रुग्णसेवा", कोणी म्हणालं "व्रत", एकांनी तर "दीपस्तंभ" म्हटलं. अहो, सरळ बोला की! जी माणसं आता बरी होणार नाहीत, त्यांच्या घरी सिस्टर जातात. दुखणं कमी होईल असं औषध देतात, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायला शिकवतात, आणि पलंगाच्या कडेला बसून विचारतात, "तुम्हाला काय हवंय?" घरच्यांना काय हवंय ते नाही. जो पलंगावर आहे त्याला.

आणि याबद्दल आपण त्यांना पाठीमागे काय म्हणतो? सांगू? सांगतेच. यमाची मावशी! आता खाली काय बघताय? सिस्टरना माहीत आहे. त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना पोट धरून हसत होत्या. त्यांची ती डाव्या दाराला पोचा आलेली हिरवी गाडी एखाद्या घरासमोर दिसली, की संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे फोन खणखणतात. म्हणून आपल्या लोकांनी काय शक्कल काढली? "सिस्टर, तेवढी गाडी जरा कोपऱ्यावर लावाल का?" झालं! गाडी कोपऱ्यावर, आणि ही बाई औषधांची जड पिशवी खांद्यावर घेऊन अख्खी गल्ली तुडवत यायची. घरात मरण येऊन बसलेलं चालतं, दारात गाडी दिसायला नको. इतकी वर्षं त्या कोपऱ्यावर गाडी लावत आल्या. कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण मनात शिव्या दिल्या असणार. मी दिल्या असत्या.

सिस्टरची आणि माझी ओळख कशी झाली ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अध्यक्ष, घड्याळ खिशात ठेवा.

आमचे हे बस चालवायचे. तुमच्यातल्या कितीतरी जणांना त्यांनी थांबा नसताना घराजवळ उतरवलंय, नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून. ते आजारी पडले, हॉस्पिटलात ठेवलं. एक दिवस मोठे डॉक्टर आले, पडदा ओढून घेतला, खुर्ची पुढे घेऊन बसले आणि ह्यांच्याकडे बघत बराच वेळ बोलले. हळू, नीट, समजावून. आणि मध्ये आमचा थोरला. डॉक्टरांना म्हणाला, "वडिलांना भाषा कळत नाही, मी सांगतो." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "बाबा, थोडा कफ झालाय. विश्रांती घ्या म्हणतात."

आता मला सांगा, जन्मभर इथल्या रस्त्यांवर बस चालवलेल्या माणसाला इथली भाषा येत नसेल? शिव्यांसकट येत होती! ह्यांनी मान हलवली, "अस्सं? बरं." सगळे गेल्यावर मला म्हणाले, "एवढं मोठं भाषण आणि एवढंसं भाषांतर! पोरगा फारच काटकसरी निघाला गं." मी रडायला लागले, तर म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस. त्याला वाटतंय तो मला सांभाळतोय. वाटू दे."

म्हणजे बघा, मुलगा बापाला सांभाळतोय, बाप मुलाला सांभाळतोय, मी दोघांना सांभाळतेय. तिघांनाही सगळं माहीत, आणि तिघंही एकमेकांना सांगतोय, कफ आहे, कफ आहे. हे फक्त आपणच करू शकतो. दुसऱ्या कोणाला जमणार नाही. आणि या सांभाळासांभाळीत त्या माणसाला काय हवंय हे विचारायला एकही जण मोकळा नव्हता.

मग एका सकाळी श्वास पुरेना. थोरल्याला विचारलं, काय करायचं? तो म्हणाला, "सगळं करा." कोणाचाही मुलगा हेच म्हणेल. त्यांनी सगळं केलं. घशात नळी घातली, नळी उपसू नये म्हणून मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधली. असे हे दोन-तीन आठवडे पडून होते. बोलता येत नव्हतं. पण उजव्या हाताचं एक बोट चालायचं. पलंगाच्या दांडीवर ते बोट दाबायचे, थांबायचे, परत दाबायचे. डॉक्टर म्हणाले, स्नायूंची हालचाल आहे. थोरला म्हणाला, "आई, तू दमलीस, घरी जा." अरे, स्नायू कसले! त्या माणसाने सगळा जन्म तीच घंटा ऐकली होती. उतरायचं असलं की प्रवासी दांडीवरचं बटण दाबतो, ती. मला कळलं. पण मी कोण? शिवणकाम करणारी बायको, दमलेली.

सिस्टर तेव्हा त्या वॉर्डात होत्या. मी त्यांना हाताला धरून आणलं, म्हटलं, हे बोट बघा. त्यांनी बघितलं. मग वाकून ह्यांच्या कानाशी मराठीत म्हणाल्या, "काका, उतरायचंय का?"

ह्यांनी डोळे मिटले आणि उघडले. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. आणि बोट थांबलं.

त्यानंतर ही बाई जी भांडली! डॉक्टरांशी भांडली, वरच्या बाईंशी भांडली, आमच्या थोरल्याशी तर असली भांडली की तो आजही त्यांच्याकडे बघताना जरा खालीच बघतो. सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं ठरलं, दिवस ठरला. आणि त्याच्या आदल्या दिवशी हे गेले. नळी घशात, पट्ट्या मनगटाला. माझ्याशी एक शब्द बोलायचा राहिला. सिस्टरनी वॉर्ड सोडला तो तेव्हा. मला म्हणाल्या, "मावशी, तिथे मी पोचते तोवर उशीर झालेला असतो. आता आधीच घरी जाणार." आणि लोकांच्या घरी जायला लागल्या. हे त्यांच्या मानपत्रात लिहिलेलं नाही म्हणून मी सांगितलं.

हं, अध्यक्षांची चिठ्ठी आली. वाचते. "आवरते घ्यावे." साहेब, आवरतंच घेतेय. सगळंच आवरतं घ्यायला निघालेय, तेच सांगायला उभी आहे.

गेले काही महिने दर मंगळवारी ती हिरवी गाडी आमच्या शिवणाच्या दुकानासमोर उभी असते. कोपऱ्यावर नाही, पाटीच्या बरोब्बर खाली. सिस्टर पहिल्या दिवशी सवयीने कोपऱ्यावर लावून आल्या होत्या. मी परत पाठवलं. म्हटलं, गाडी दारासमोरच लावा, नाहीतर मी दार उघडणार नाही. तुम्ही सगळ्यांनी ती बघितलीय. बघून पलीकडच्या फुटपाथवरून गेला आहात, तेही मी खिडकीतून बघितलंय. थोरल्याने तुम्हाला सांगितलंय, आईला अशक्तपणा आहे. अशक्तपणा! तीस किलोचं मशीन जिन्यावरून उतरवलेल्या बाईला! या वेळी डॉक्टर आले तेव्हा मी थोरल्याला म्हटलं, तू जा, चहा पिऊन ये. आणि माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत मीच विचारलं. झिप कुठे बिघडलीय ते ज्या बाईला विचारता येतं, तिला आपल्या पोटात काय बिघडलंय तेही विचारता येतं. त्यांनी नीट सांगितलं. तर मंडळी, मी आता बरी होणार नाही. महिने आहेत, फार नाहीत, आणि मला...

माईक गेला वाटतं.

गेला. असू दे. नाही, नाही, कोणी उठू नका, वायर तपासायला नको. वायरीला काही झालेलं नाही. त्याला ओरडूही नका, तो घाबरलाय. बाळा, शिवणयंत्रं घरघरत असताना आणि रस्त्यावरून ट्रक जात असताना मी गिऱ्हाइकांशी बोलत आले. मला माईक लागत नाही. मागे ऐकू येतंय का? दाराशी? येतंय. छान.

तर मला काय हवंय ते ऐका. दुकानावरच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, जिथून बसचा थांबा दिसतो, तिथे मला मरायचंय. शिट्टी वाजवत येणारी हॉस्पिटलची गाडी बोलवायची नाही. नळी नाही, पट्ट्या नाहीत. दुखू नये याचं औषध भरपूर द्यायचं, त्यात कंजुषी नको. माझ्याशी खोटं बोलायचं नाही. शुद्ध गेल्यावर तिकडच्या नातेवाइकांचे फोन माझ्या कानाला लावायचे नाहीत, जिवंतपणी ज्यांनी केले नाहीत त्यांचे तर मुळीच नाहीत. आणि मेल्यावर मला तिकडे गावी न्यायचं नाही. धाकटा फोनवर म्हणतो, "आई, शेवटी आपल्या मातीत." अरे, कुठली माती? तिकडे आता मला ओळखणारं कुत्रंसुद्धा राहिलेलं नाही. मी या देशात आले तेव्हा विमानात खिडकीशेजारी बसून आले. परत सामानाच्या डब्यातून जाणार नाही! माझं जे काही करायचं ते इथेच, ह्यांचं केलं तिथेच.

हे सगळं डॉक्टरांसमोर कागदावर लिहून दिलंय, सिस्टरच्या साक्षीने सही केलीय. थोरला काय म्हणतो? "आई, कागदाचं काय, वेळ आली की बघू." वेळ आली की कोण बघतं, सांगा ना? वेळ आली की तो म्हणणार, सगळं करा.

का म्हणणार? माझ्यावर जीव आहे म्हणून? आहेच. पण दुसरं कारण या हॉलमध्ये बसलंय. तुम्ही! मागे दाराशी एक मुलगी उभी आहे. दातांच्या डॉक्टरांकडे काम करते ती. इतक्या खुर्च्या रिकाम्या, आणि ती उभी आहे. तिच्या आईने हेच मागितलं होतं, घरी, नळीशिवाय. या पोरीने आईचा शब्द पाळला. आईच्या उशाशी एकटी बसली, सिस्टर सोबत होत्या. आणि आपण काय बोललो? "पोटच्या पोरीने आईला हॉस्पिटलात नेलं नाही हो." "काय घाई झाली होती हिला?" मी नावं घेत नाही, मला सगळ्यांच्या कपड्यांची मापं घ्यायची असतात. पण ती पोरगी तेव्हापासून आपल्याकडे आली नाही. आज आली ती सिस्टरसाठी. सचिव, जरा उठा. ही माझी खुर्ची रिकामीच आहे, ती उचला आणि तिला नेऊन द्या. हो, आत्ता. मी थांबते.

बस गं बाळ. पाठ टेकून बस.

आमच्या थोरल्याने तुमचं ते बोलणं ऐकलंय. त्याला माझ्या मरणाची जेवढी भीती वाटते ना, त्याहून तुमच्या तोंडांची जास्त वाटते. म्हणून आज मी इथे उभी आहे. आपल्या लोकांत कागदाला कोण विचारतं? सोयरीक ठरवताना, भावाभावांतली भांडणं मिटवताना आपण काय म्हणतो? "चारचौघांत बोललोय." बस्स. चारचौघांत बोललेलं फिरवायची आपल्या माणसाची छाती होत नाही. सिस्टर महिनाअखेरीला निवृत्त होतायत. मला आधी पोचवून मग निवृत्त व्हायला हवं होतं त्यांनी, पण ते जाऊ दे, तो राग मी मनात ठेवलाय. त्यांच्या जागी ही समोर बसलेली उंच बाई येणार. चांगली आहे. मराठी येत नाही तिला. मी तिला दोन शब्द शिकवलेत, "दुखतंय" आणि "पुरे". मी "पुरे" म्हटलं, तर तिला समजणार. माझ्या घरच्यांना समजलं पाहिजे, आणि तुम्हालाही.

तेव्हा आता मला तुमचा शब्द हवाय. मी माझ्या खोलीत, माझ्या खिडकीशी गेले, तर त्यानंतर माझ्या मुलाला आणि माझ्या सुनेला कोणी एक वाकडा शब्द बोलणार नाही. पुढ्यात नाही, पाठीमागे नाही, फोनवर नाही. ज्यांना कबूल आहे त्यांनी हात वर करा.

एक. सिस्टर, तुमचा धरत नाही, तुम्ही माझ्याच बाजूच्या. दाराशी बसलेल्या त्या पोरीचा वर गेला, बघा, आणि तुम्ही बघत बसा. हं, येतायत. पहिल्या रांगेतल्या वहिनी, पर्स खाली ठेवा म्हणजे हात मोकळा होईल. काका, तुमचा तो खांदा दुखतो माहीत आहे मला, दुसरा हात चालेल. अध्यक्ष? अध्यक्षांनी तटस्थ राहायचं असतं ते सभेत, मरणात नाही. हां, असं. सूनबाई... तू कशाला रडतेस गं? तुझा पण वर केलास? शहाणी माझी ती. मागच्या रांगेतल्या नातवंडांनो, तुम्हाला मत नाही, पण लक्षात ठेवा. तुमच्या आजोबांच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं.

खाली घ्या हात. सगळ्यांचे नव्हते, पण कोणाचे नव्हते ते मला दिसलेत.

आता एकच माणूस राहिला. पेटीमागचा. तुझे दोन्ही हात बटणांवर आहेत, म्हणून वर झाले नसतील. मी समजते. अरे, तू मघाशी माईक बंद केलास याचा मला राग नाही. बाबांच्या वेळीही तू तेच केलंस, जीव लावूनच केलंस. त्यांनी तुला कधी बोल लावला नाही, मीही लावत नाही. पण त्यांचा आवाज बंद होता, म्हणून ते बोटाने घंटा दाबत राहिले. माझा अजून चालतोय, बाळा. मी उतरायचं कुठे ते मी सांगितलंय. तू फक्त मला पुढच्या थांब्यावर ओढत नेऊ नकोस. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण आज म्हण, इथे म्हण.

थांबते मी. थांबायची मला सवय आहे.

आला. माईकला आवाज आला! ऐकू येतंय ना सगळ्यांना? टाळ्या नकोत, टाळ्या नकोत, त्याला डोळे पुसू द्या.

तर मंडळी, तीन मिनिटांचं काय झालं ते विचारू नका. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाच्या वर्मी लागलं असेल, तर आजारी बाई म्हणून पोटात घाला. बोलण्याबद्दल माफी मागते, मागितलं त्याबद्दल नाही. अध्यक्षांनी मला व्यासपीठ दिलं, त्यांचे आभार, आता परत देतील असं वाटत नाही. सिस्टर, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असते तरी तुम्ही "पुरे" म्हणाला असता. महिनाअखेरीपर्यंत अजून दोन मंगळवार आहेत. या. गाडी दारासमोरच लावा.

आणि रीतीप्रमाणे शेवटी ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माझ्या थोरल्या मुलाचे आभार. काय रे, आता शेवटपर्यंत चालू ठेवशील ना?

"ठेवतो" म्हणतोय. ऐकलंत ना सगळ्यांनी? चारचौघांत बोललाय.

नमस्कार.